मुठीचा कोन

"डोळे मीट," मी म्हणालो.

राजमतीनं डोळे मिटले. समोरच्या भिंतीवर, वाळत टांगलेल्या भोपळ्यांच्या मधे मी खडूनं एक ठिपका काढून ठेवला होता. तिनं उजवा हात सरळ केला, रिकामं पिस्तूल जरा वर नेलं, मग सावकाश खाली आणून हाताला बरं वाटलं तिथं थांबवलं आणि श्वास सोडला.

"उघड."

तिनं डोळे उघडले. मी तिच्या खांद्यामागून बघत होतो. नळीच्या टोकावरची माशी ठिपक्यावर नव्हती. ठिपक्याच्या खाली, भिंतीचा चुना उडाला होता तिथं होती.

"खालीच की," ती म्हणाली.

"परत? अगं, दिवाळीत मूठ बसवून दिली तेव्हा माशी ठिपक्यावर अशी बसली होती की फोटोला बसावी. हात तुझाच आहे ना? का मावशीचा घेऊन आलीस?"

"मावशी गावाला गेलीय, चाचा. तिचा तिला लागतोय."

"मग काकूचा असेल."

ती हसली, पण पिस्तूल खाली ठेवलं तेव्हा जरा जोरात ठेवलं गेलं. टेबलावरच्या सतारीच्या खुंट्या उड्या मारून खाली पडल्या. "सॉरी, चाचा," म्हणत ती त्या गोळा करायला वाकली.

आमचं घराणं मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांचं. त्याच्याही आधी आमची माणसं तलवारींना धार लावत. राज्यं गेली, तलवारी खुंटीला लागल्या, मग आमच्या पणजोबांनी भोपळा हातात घेतला. त्यामुळे खराडे सुभेदार पिस्तुलाची मूठ घेऊन दुकानात पहिल्यांदा आले, तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, "या, सुभेदारसाहेब. हत्यारवाले सोडून गेले त्याला शंभर वर्षं झाली. तुम्ही फार उशिरा परत आलात."

सुभेदार हसले नाहीत. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते सांगली रस्त्याच्या एका जुन्या गोदामात मुलामुलींना नेमबाजी शिकवत. हसणं बहुतेक पलटणीतच जमा करून आले होते. त्यांनी मूठ टेबलावर ठेवली.

"परदेशी आहे," म्हणाले. "बनवणाऱ्यानं गोऱ्या माणसाचा पंजा डोळ्यापुढं धरलाय. आमची पोरगी शेतकऱ्याची. बोटं लांब, तळवा अरुंद. धरली की नळी एकीकडं आणि नजर एकीकडं."

"मग नजरेकडं वळवायची नळी. मनगट कशाला दिलंय देवानं?"

"तिथंच गफलत होते," ते म्हणाले. मग त्यांनी मला उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि हात पुढं करायला सांगितला. "मनगट वळवलं की पहिल्या गोळीला जमतं. दहाव्या गोळीला मनगट म्हणतं, मी थकलो, मी आपला माझ्या जागी जातो. आणि ते जातं. गोळी त्याच्या मागं जाते. मूठ अशी पाहिजे की मनगट आपल्या जागी बसलेलं असताना नळी निशाणावर असली पाहिजे. सगळं मुठीच्या कोनावर आहे. मूठ मागं कलली तर नळी वर बघते, पुढं आली तर खाली बघते. हाताला विचारायचं, बाबा, तुला कुठं बरं वाटतं? तो सांगेल तिथं निशाण आणायचं."

मला हे लगेच पटलं. सतारीचा दांडा चुकीच्या कोनात बसला की वाजवणाऱ्याची पाठ धरते, आणि तो दोष देतो रागाला.

शिसवी लाकडाचा तुकडा घेऊन मी कामाला लागलो. राजमतीच्या तळव्याला काजळी फासायची, मूठ धरायला लावायची, जिथं जास्त काळं उमटेल तिथं कानस मारायची. परत काजळी, परत कानस. जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर उघडताना, जसं केसाएवढं घासायचं आणि ऐकायचं, तसंच. राजमती मगदूम तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती. वडील नव्हते. एका सरकारी खात्यात ती रोजंदारीवर टायपिंग करायची. राज्याच्या संघात नाव आलं तर खेळाडूंच्या जागेवर ती कायम होणार होती, आणि वयाची अट त्याच वर्षी संपत होती. म्हणजे निवड चाचणी ही एकच. पुण्याला, डिसेंबरात. तिची आई दुकानावरून देवळात जाताना थांबायची आणि मला म्हणायची, "कासमभाई, मूठ चांगली करा हं. तिच्यावर आमचं घर आहे." एवढं वजन मी कुठल्या तंबोऱ्यावर कधी ठेवलं नव्हतं.

मूठ झाली. श्रावणात राजमतीनं ती पहिल्यांदा धरली, डोळे मिटले, उघडले, आणि काही बोललीच नाही. नुसती बघत राहिली. गिऱ्हाईक असं गप्प झालं की समजायचं, काम झालं.

माझी एक खोड आहे. कुणी दुकानात आला की मी मनात दोन रकाने आखतो. एकात माणूस काय सांगतो ते, दुसऱ्यात त्याचा हात काय सांगतो ते. सतारवादक सांगतो, मी रोज पहाटे उठून रियाज करतो, आणि तारेवर ठेवायच्या बोटाला घट्टा नसतो. दोन्ही रकान्यांची बेरीज क्वचितच जुळते. मला त्यात मजा वाटते, आणि धंद्यालाही बरं पडतं.

राजमतीची बेरीज श्रावणात जुळली होती. गणपतीनंतर ती आली आणि म्हणाली, माशी खाली जातेय. मी मूठ आणि लोखंड यांच्यामधे पातळशी पाचर घातली आणि मूठ जरा मागं कलवली. जमलं. दसऱ्याला आली. खालीच. पाचर बदलून जाड केली. दिवाळीत आणखी जाड. मी मनाशी म्हणालो, परीक्षा जवळ आली की पोरांना पेन नडतं, तसलंच हे.

सुभेदारांना गणपतीनंतरच्या पहिल्या पाचरेची गोष्ट कळली तेव्हा ते दुकानात येऊन माझ्यावर ओरडले होते. "मुठीचे लाड बंद करा! पहिली होती तशी ठेवायची. परत आली तर हाकलून द्या."

"गिऱ्हाईक हाकलायची आमच्याकडं रीत नाही, साहेब."

"मग शिका."

ते इतके का तापले ते मला कळलं नाही. मी ते त्यांच्या रागाच्या खात्यावर टाकून दिलं. तिथं जागा भरपूर होती. त्यानंतर राजमती त्यांना न सांगता यायला लागली.

तर त्या दिवशी खुंट्या गोळा करून ती उभी राहिली आणि म्हणाली, "अजून जरा जाड पाचर घाला, चाचा. परवा निघायचंय."

मी मुठीचा स्क्रू सोडवला. दिवाळीची पाचर बाहेर काढली. ती आधीच अंगठ्याएवढी होती. आता ह्याहून जाड घालायची म्हणजे मूठ पिस्तुलाची न राहता कोयत्याची दिसायला लागली असती. काय मनात आलं कुणास ठाऊक, मी पाचर न घालताच स्क्रू आवळला आणि पिस्तूल तिच्या हातात दिलं. श्रावणात होतं तसं.

"धर. डोळे मीट."

"झाली एवढ्यात?"

"धर तर."

तिनं हात वर नेला, खाली आणला, थांबवला. मी वाट बघितली. नळी थांबली नव्हती. अगदी हळू, ओल्या पापडाची कड वाकते तशी, मनगटापासून पुढं वाकत होती. ठिपका सुटला. भोपळे सुटले. खालच्या फळीवरचा सरसाचा डबा आला.

"उघडू?"

तिनं डोळे उघडले, डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मुठीला काही झालेलं नाही, राजू," मी म्हणालो.

"माहिती आहे मला."

"कधीपासून?"

ती स्टुलावर बसली. पिस्तूल मांडीवर ठेवलं. "गणपतीत मोदकाला पाकळ्या पाडताना दोन बोटं ऐकेनात. मला वाटलं, सराव जास्त झाला. मग टायपिंगला चुका व्हायला लागल्या. साहेब म्हणाले, मगदूम, लक्ष कुठं आहे तुमचं? मी म्हटलं, निशाणावर. सगळे हसले."

"डॉक्टर?"

"जाऊन आले. इथंच, मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर माझ्या हाताकडं बघायच्या आधी माझ्या जिभेकडं बघत बसले. मग म्हणाले, नसांची तपासणी करू या, आठवडाभर राहावं लागेल. मी विचारलं, काय असेल? म्हणाले, हाताचे स्नायू वाळतायत. नस त्यांना पोचत नाही. हातापुरतंच असलं तर बरं."

"आणि नसलं तर?"

"ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

दुकानात माझा भाचा तारा ओढत होता. त्याला मी चहा सांगायला पाठवलं. चहा नको होता.

"तपासणी केली की कागद होणार, चाचा. कागद झाला की खात्यात जाणार. मग ते संघात नाव आलं काय आणि न आलं काय. म्हणून म्हटलं, आधी पुणं, मग दवाखाना. एकदा कायम झाले की सरकार आजारी माणसाला घालवत नाही. आईला तरी..." ती थांबली. "सरांना सांगू नका. त्यांनी मला सात वर्षं शिकवलंय. एकाही गोळीला चांगली म्हणाले नाहीत. ही एक चाचणी होऊ दे. मग मी स्वतः सांगते."

"हात तिथवर पुरेल?"

"म्हणून तर पाचर पाहिजे."

माझे दोन रकाने समोर होते आणि पहिल्यांदाच बेरीज बरोबर जुळत होती. मला ती जुळायला नको होती. मी सागाचा तुकडा घेतला आणि पाचर कापायला बसलो. ती बघत होती. कापून झाली, घासून झाली, बसवली. तिनं डोळे मिटले, उघडले. माशी ठिपक्यावर होती.

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली.

"कुणाचा, तुझा का माझा?"

"ज्याला वेळ असेल त्याचा."

पुण्याला मला एका गायनवर्गात तंबोरा पोचवायचा होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघालो. निदान सुभेदारांना मी तसं सांगितलं. तंबोरा गोणपाटात गुंडाळलेला होता. गाडीत तिकीट तपासनीसानं विचारलं, "यात काय आहे?" सुभेदार म्हणाले, "तोफ." राजमती इतकी हसली की तिला ठसका लागला. तो ठसका लवकर थांबेना. तिला पाणी देऊन सुभेदार खिडकीबाहेर बघत बसले.

तंबोरा पोचता करून मी चाचणीच्या जागी गेलो तेव्हा सकाळचं ऊन यायला लागलं होतं. पोरं-पोरी चपट्या तळाचे बूट घालून, हातात पेट्या घेऊन रांगेत उभी होती. रांग एका टेबलापाशी जात होती. टेबलामागं एक गृहस्थ होते, बोलायला फार सभ्य. त्यांच्यापुढं एक लाकडी खोकं होतं. प्रत्येकाचं पिस्तूल त्या खोक्यात ठेवायचं. झाकण न दाबता बसलं की पिस्तूल नियमात. नाही बसलं तर नियमाबाहेर.

हे खोकं मला माहीतच नव्हतं. सुभेदारांना माहीत होतं, त्यांनी श्रावणात माप घेऊन तपासलंही होतं, पण पाचरा वाढत गेल्यात हे त्यांना ठाऊक नव्हतं. राजमतीला दोन्ही माहीत होतं. पण मनगट वाचवायच्या नादात तिला खोकं आठवलंच नाही. हाताकडं लक्ष असलेल्या माणसाला दुसरं काही आठवत नसावं.

तिचा नंबर आला. गृहस्थांनी पिस्तूल ठेवलं. झाकण एका बाजूनं उचललेलं राहिलं. मूठ मागं इतकी कलली होती की तिची शेपूट खोक्याच्या भिंतीला लागत होती.

"नाही बसत, ताई," ते म्हणाले. "दुरुस्त करून आणा. तुमच्या तुकडीला अजून वेळ आहे."

सुभेदारांनी पिस्तूल उचललं, मुठीकडं बघितलं, मग मला शोधलं. मी कानशीची पिशवी बरोबर आणलेलीच होती. त्यांनी ती पिशवी बघितली. आम्ही तिघं बाहेर आलो आणि कंपाउंडच्या भिंतीजवळ, एका जांभळीखाली बसलो. सुभेदारांनी स्वतः स्क्रू सोडवला. पाचर त्यांच्या तळव्यावर पडली. ती त्यांनी उलटसुलट करून बघितली. मला वाटलं, आता ओरडतील.

"कासमभाई," ते म्हणाले, "ही ठेवून मूठ खोक्यात बसेल का?"

"बसेल. पण मागचा भाग कापावा लागेल. तो कापला की तळव्याला खालून आधार नाही."

"आणि आधार ठेवायचा तर?"

"तर पाचर काढायची. मूठ श्रावणात होती तशी."

"म्हणजे एक तर आधार नाही, नाहीतर कोन नाही."

"दोन्ही नाही मिळायचं, साहेब."

ते राजमतीकडं वळले. "तुझा हात आहे. बोल."

ती जमिनीकडं बघत होती. "आधार," ती म्हणाली. "आधार नसला तर पिस्तूल हातात राहणार नाही, सर."

मग लगेच तिला कळलं की आपण काय बोलून बसलो. तिनं सुभेदारांकडं बघितलं. ते मूठ जोडत होते. मान वर केली नाही.

"उभी राहा," ते म्हणाले. "त्या झाडाची ती गाठ निशाण. डोळे मीट."

ती उभी राहिली. हात वर गेला, खाली आला. मी आणि सुभेदार तिच्या दोन बाजूंना उभे होतो. नळी गाठीवर आली, थांबल्यासारखी झाली, आणि मग हळूहळू खाली निघाली. गाठ सुटली. खोडाला चुन्याचा पट्टा मारलेला होता, तो सुटला. सुभेदार ते सगळं बघत होते.

"उघड."

तिनं डोळे उघडले. नळीकडं नाही, झाडाकडं नाही, तिनं सरळ सुभेदारांच्या तोंडाकडं बघितलं.

"बरोबर आहे," सुभेदार म्हणाले.

सात वर्षांत पहिल्यांदा. ती काही क्षण तशीच उभी राहिली. मग "हो, सर," म्हणाली, आणि पिस्तूल घेऊन आत गेली. या वेळी खोक्याचं झाकण बसलं.

प्रेक्षकांसाठी मागं लोखंडी खुर्च्या होत्या. आम्ही दोघं बसलो. समोर नेमबाजांची ओळ, त्यांच्यापुढं दहा मीटरवर कागदी निशाणं. हवेच्या पिस्तुलाचा आवाज फार नसतो. कुणी ताटात एकेक चणा टाकत बसावं, तसं चाललं होतं.

पहिल्या कागदावर तिच्या गोळ्या मधोमध होत्या. सुभेदारांनी दुर्बिणीतून बघितलं आणि दुर्बीण मला दिली. दुसऱ्या कागदावरही मधेच. ती मनगटानं नळी उचलून धरत होती, आणि प्रत्येक गोळीनंतर हात टेबलावर नुसता पडू देत होती.

"तुम्हाला कधी कळलं?" मी हळूच विचारलं.

"काय?"

"साहेब, मी सतारीवाला आहे. बेसूर मला ऐकू येतं."

त्यांनी माझ्या हातातली दुर्बीण परत घेतली. मग म्हणाले, "पंधरा ऑगस्टला. झेंड्याला सलाम करताना. तिची बोटं सरळ होईनात. आमच्या पलटणीत एक सुरतराम होता, त्याचं असंच सुरू झालं होतं. आधी सलाम बिघडला."

"म्हणून पाचर नको म्हणत होता?"

"निशाण चुकायला लागलं असतं तर घाबरून दवाखान्यात गेली असती की नाही? तुम्ही दर वेळी जमवून देत गेलात."

"मग सरळ तिला सांगायचं होतं."

"काय सांगायचं?"

"हेच."

"तुम्हाला तिनं सांगितल्यावर तुम्ही मला सांगितलंत?"

मी कानशीची पिशवी पायानं खुर्चीखाली सरकवली. ते म्हणाले, "ती माझ्यापासून लपवतेय म्हणजे तिला अजून आशा आहे, असं मला वाटलं. ती मोडायला जीभ उचलेना. म्हणून ओरडत होतो. ओरडणं जमतं मला."

समोर तिनं हात उचलला, निशाणावर धरला, आणि गोळी न झाडता खाली आणला. परत उचलला. परत खाली. नेमबाज असं करतात. मन साशंक असलं की गोळी सोडत नाहीत, हात खाली घेतात, श्वास घेतात आणि नव्यानं सुरू करतात. त्यात दोष नाही. पण ती चौथ्या वेळी, पाचव्या वेळी तेच करत होती. दोन्ही बाजूंच्या मुलींचे कागद पुढं सरकत होते. तिचा सरकत नव्हता.

"गोळी झाड की गं," मी पुटपुटलो. "कुठं तरी लागेल."

"नाही झाडणार," सुभेदार म्हणाले. "कुठं जाणार हे माहीत नसलेली गोळी सोडायची नाही, हे मीच शिकवलंय."

शेवटी तिनं एक झाडली. मग पुन्हा उचलणं, पुन्हा खाली. आता हात वर यायलाच वेळ लागत होता. तिनं एकदा डाव्या हातानं उजवं कोपर धरलं, मग नियम आठवला असावा, लगेच सोडलं. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं होतं. ती त्याच्याकडं एकदाही वळली नाही. सुभेदार मात्र नुसतं त्याच्याकडंच बघत होते.

घंटा झाली. "थांबा," माईकवरून आवाज आला. "शस्त्रं खाली."

ती पिस्तूल ठेवून मागं सरकली. तिच्या टेबलावरच्या छोट्या डबीत गोळ्या शिल्लक होत्या. तिथल्या एका माणसानं त्या मोजल्या आणि फळ्यावर तिच्या नावापुढं काही लिहिलं. निवडलेल्या मुलींची नावं वाचली तेव्हा आम्ही तिघंही बाहेर उभे होतो. कुणी ऐकायला आत गेलं नाही.

पेटी बंद करताना ती मला म्हणाली, "चाचा, मूठ छान होती."

"पाचर जाड होती."

"छानच होती." मग सुभेदारांना म्हणाली, "सर, सोमवारी दवाखान्यात दाखल होते."

"मी येतो."

"आई घाबरेल."

"म्हणूनच येतो."

त्या आजाराला डॉक्टरांनी पुढं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मी ते कधी पाठ केलं नाही. एवढं कळलं की तो ज्याला धरतो त्याला सोडत नाही. तिलाही सोडलं नाही. त्या मधल्या वर्षांबद्दल लिहायची माझी तयारी नाही. पिस्तुलाची मूठ मात्र मी नंतर कुणाला करून दिली नाही.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. मी खिडकीला पाठ लावून बसलो होतो, ती दोघं समोर. सूर्य माझ्या मागच्या बाजूला कलला होता आणि त्याचा उजेड त्यांच्या तोंडांवर येत होता. मगदूम मंडळी जैन. दिवस मावळला की तोंडात काही घालत नाहीत, पाणीसुद्धा नाही. राजमतीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आईनं दिलेला डबा तिनं पिशवीतून काढला, मांडीवर ठेवला, झाकणाला हात लावला. झाकण हललं नाही. तिनं पकड बदलली. पुन्हा प्रयत्न केला. मग डबा तसाच मांडीवर ठेवून ती माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली.

सुभेदारांनी डबा घेतला. उघडला. दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती. त्यांनी दशमीचे लहान लहान तुकडे केले, एकेकाला चटणी लावली आणि झाकणात ओळीनं मांडले, पलटणीतल्या माणसानं काडतुसं मांडावीत तसे. झाकण तिच्यापुढं धरलं.

तिनं एक तुकडा उचलला. तो बोटांतून निसटला. तो सुभेदारांनी उचलून तिच्या तोंडापाशी नेला. ती क्षणभर थांबली. मग तोंड उघडलं.

ती सावकाश चावत होती. गिळायला वेळ लागत होता. अजून बरेच तुकडे होते. दोघांच्या तोंडांवरचा उजेड आधी पिवळा होता, मग तांबूस झाला, मग मला तो नीट दिसेना. गाडीतले दिवे अजून लागले नव्हते.

"गेला का, सर?" तिनं विचारलं. खिडकीकडं ती बघत नव्हती.

सुभेदारांनी माझ्या डोक्यावरून बाहेर बघितलं.

"अजून आहे," ते म्हणाले. "सावकाश खा."

तिनं पुढचा तुकडा घेतला. सगळ्याची बेरीज करून बघायची सवय असलेला माणूस मी. खिडकी माझ्या मागंच होती, नुसती मान वळवायची होती. मी वळवली नाही.